तिच्यासाठी रकाना नव्हता

मी चौथीपर्यंत शिकले. म्हणून पुढे कायद्याच्या ज्या गोष्टी येतील त्या मला जशा कळल्या तशा आहेत. एखाद्या वकिलाने वाचलं तर तो चुका काढेल. काढू दे.

आमचं घर उज्जैनला, देवास गेटच्या बसस्टँडपासून आत वळणाऱ्या गल्लीत. खाली दोन खोल्या, वर एक. ह्यांची नोकरी रेल्वेतली. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात गेले. वरची खोली मुलाची होती. तो इंदूरला इंजिनिअर झाला आणि त्या वर्षांत सगळ्यांचीच मुलं जायला लागली होती तसा कॉम्प्युटरच्या कामावर अमेरिकेला गेला. त्याला व्हिसा मिळाला तेव्हा गल्लीत पेढे मीच वाटले. व्हिसा म्हणजे परीक्षा पास झाल्याचा कागद, हुशार आणि कामसू माणसाला तो मिळतो, असं मी तेव्हा धरून चालले होते.

जाताना तो घरात फोन बसवून गेला. पूर्वी फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे. आता अर्ज केला की माणूस तार घेऊन दारात हजर. दर रविवारी करीन म्हणाला आणि करायचा. वरची खोली झाडून मी कुलूप लावलं.

ती त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आली. जर्मनीची, तिशीच्या आसपासची. इथली जुनी दगडी वेधशाळा पाहायला म्हणून आली होती आणि स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये कावीळ होऊन पडली. आमचे डॉक्टर तिला तपासायला गेले होते. परतताना माझ्या दारात थांबून म्हणाले, "माई, ऊपर का कमरा खाली है न? लड़की वहाँ पड़ी रही तो गई समझो."

मी म्हणाले, "मांसमच्छी नहीं चलेगी मेरे घर में."

"पेट में पानी नहीं ठहर रहा उसके, आप मांसमच्छी लेकर बैठी हो."

टेम्पोत घालून आणली तिला. हळदीसारखी पिवळी. मुगाचं कढण, उसाचा रस, भिजवलेल्या मनुका, एवढ्यावर महिनाभर काढला. मला इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नव्हतं. आजाऱ्याशी फार बोलावं लागत नाही. पी, गीळ, झोप, अजून एक घोट. तिचं मराठी इथून सुरू झालं. पुढे ती चांगलं बोलायला लागली तरी एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की "गीळ" म्हणायची.

बरी झाली की जाईल, असं वाटलं होतं. बरी झाली आणि एका पहाटे बॅगेतून छोटा कॉम्प्युटर काढून खिडकीशी बसली. मी चहा घेऊन वर गेले तर हिचं टकटक चाललेलं. काय करतेस, असं हातानेच विचारलं. तिने खाली येऊन माझ्या मिक्सरच्या खोक्यातलं माहितीचं पुस्तक काढून दाखवलं. ही पुस्तकं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत करायची, हे तिचं काम. मिक्सरची, कपडे धुवायच्या मशीनची, लाकूड कापायच्या करवतीची. तिच्या देशातून फोनच्या तारेतून काम यायचं, त्याच तारेतून परत जायचं. पहाटे लाईन मोकळी मिळते म्हणून ती पहाटे उठायची. दिवसा वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, तेही एक कारण.

मुलगा तिकडून वैतागला. "आई, फोन सारखा एंगेज. तू भाडेकरू ठेवलीयस की टेलिफोन ऑफिस उघडलंयस?"

"तू कुठे बसून काम करतोस?"

"ऑफिसात."

"ती इथे बसून करते. उजेड व्हायच्या आत फोन करत जाऊ नकोस."

नवल वाटायचं ते एकाच गोष्टीचं. ज्या कामासाठी माझा मुलगा सात समुद्र ओलांडून गेला, तसलंच काम करायला ही माझ्या वरच्या खोलीत येऊन बसली होती.

भाडं ती द्यायची. पण मी गल्लीत पाहुणीच सांगायचे. गोऱ्या बाईकडून पैसे घेते म्हटलं की लोकांना भलतेच आकडे सुचतात.

आमची भांडणं खूप व्हायची. नळ सकाळी अर्धा तास यायचा. ती नेमकी तेव्हाच डोकं धुवायची. भाजीत मीठ कमी असलं तर तोंडावर सांगायची. मीही सोडत नव्हते. एकदा समोरच्या वहिनी ओट्यावरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "ताई, परदेशी पाहुणीशी असं भांडतात का?" तर ही वरून म्हणाली, "भांडू द्या. माझ्या देशात माझ्याशी कोणी भांडत नाही."

मी नंतर विचारलं, म्हणजे काय. तिने सांगितलं ते असं. तिकडे तिची एक खोली होती, मोठ्या इमारतीत. आईवडील नाहीत. काम तेच, खिडकीशी बसून. शेजारचा माणूस जिन्यात भेटला की नमस्कार करायचा. इतकी वर्षं राहून त्याच्याशी नमस्कारापुढे शब्द नाही. कधी तर लागोपाठ कितीतरी दिवस आपला आवाजच आपण ऐकला नाही, असं तिच्या लक्षात यायचं. "इथे पाण्यासाठी भांडते, तर सगळ्या गल्लीला माहीत असतं मी आहे," ती म्हणाली. मी म्हणाले, पाणी मात्र उद्यापासून आधी मी भरणार.

आता समोरच्या वहिनींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या ओट्यावर घडलं. उज्जैनला मराठी घरं मोजकी. मुलामुलींची लग्नं इंदूर, देवास, ग्वाल्हेरकडे जुळवायची. मुलाकडचे लोक पाहायला येण्याआधी एक माणूस गुपचूप पाठवतात. तो गल्लीत येतो, पाणी मागतो आणि मुलीची चौकशी करतो. आमच्या गल्लीत असा माणूस आला की तो वहिनींच्या ओट्यावरच टेकायचा. त्यांचं बोलणं ठरलेलं. मुलगी कामसू आहे. एक मिनिट रिकामी बसत नाही. पहाटे उठते. कमावते, पण माज नाही. गल्लीतल्या निम्म्या मुली वहिनींच्या या चार वाक्यांवर उजवल्या गेल्या.

एकदा असाच माणूस आला होता. ही वरून खिडकीतून पाहत होती. जेवताना म्हणाली, "काकू, तो माणूस कोण?"

मी सांगितलं.

"पण ती मुलगी तर दहाला उठते."

"उठू दे. चौकशीला आलेल्याला असंच सांगायचं असतं."

"मग चौकशीचा उपयोग काय?"

"उपयोग हा, की वाईट कोणी बोललं नाही एवढं त्याला कळतं."

ती बराच वेळ हसत होती. हसताना तिच्या हातातली भाकरी ताकात पडली.

तिचा व्हिसा फिरायला आलेल्या माणसाचा होता, सहा महिन्यांचा. संपत आला की ती नेपाळला जायची, तिथून नवा घेऊन परत यायची. आली की वहिनींसाठी लोकर आणायची आणि माझ्यासाठी काही ना काही, जे मी वापरत नसे. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी तिकडच्या आपल्या वकिलातीतल्या माणसाने पासपोर्ट उलटसुलट करून विचारलं, एवढं उज्जैनला काय फिरता? यापुढे असं चालणार नाही, राहायचंच असेल तर उज्जैनच्या कचेरीत रीतसर अर्ज करा.

परत आली. माझ्यासाठी आणलेली शाल पलंगावर टाकली आणि म्हणाली, "काकू, मला इथे राहायचं आहे. वर्षभर तरी. नंतर पुन्हा वर्षभर."

मी म्हणाले, "राहा की." एवढंच म्हणता आलं. त्या दिवसापर्यंत ती गेली तर माझं काय, असा विचार मी केलेला नव्हता. रात्री भांडी घासताना केला.

आम्ही आधी पुलापलीकडे फ्रीगंजात एका वकिलाकडे गेलो. तो पासपोर्टची वगैरे कामं करायचा. त्याने ऐकून घेतलं आणि लगेच तोड काढली. "माताजी, इनका नाम संस्कृत में लिखवा दो. पढ़ाई का वीज़ा मिल जाएगा. क्लास में कौन देखने जा रहा है."

मला पटलं. हिला नाही. पुलावरून टेम्पोत बसून येताना आमचं जे भांडण झालं ते टेम्पोतल्या सगळ्यांनी ऐकलं.

"मी संस्कृत शिकत नाही," ती म्हणाली.

"मग चार श्लोक शीक."

"चार श्लोकांसाठी मी इथे नाही आले."

"अगं, निम्मं शहर इथे काही ना काही सोंग करून पोट भरतं. तू एक केलंस तर क्षिप्रा आटणार नाही. तशीही ती उन्हाळ्यात आटतेच."

समोर बसलेला म्हातारा हसला. ही हसली नाही. म्हणाली, "काकू, मी करवतीच्या पुस्तकात लिहिते, पातं काढण्याआधी बटण बंद करा. मी चुकीचं लिहिलं तर कोणाचं तरी बोट जातं. वीस वर्षांची होते तेव्हापासून हेच करते आहे. मला खोटं लिहायची सवयच नाही."

"खोटं लिहायला सवय कशाला लागते?"

"लागते," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

मला तिचा राग आला होता. अजूनही कधी कधी येतो.

मग आम्ही सरळ कचेरीतच गेलो, जिथे परदेशी माणसांची नोंद होते. तिथला बाबू म्हातारा होता, चष्मा दोरीने बांधलेला. माणूस वाईट नव्हता. त्याने फॉर्म पुढे ओढला आणि एकेक रकाना बोटाने दाखवत विचारायला लागला.

"नौकरी करती हैं यहाँ?"

"नहीं," ही म्हणाली.

"धंधा?"

"नहीं."

"पढ़ाई?"

"नहीं."

"शादी हुई है किसी हिंदुस्तानी से?"

"नहीं."

"तो घूमने आई हैं."

"घूमती भी नहीं," मी म्हणाले. "घर में रहती है."

त्याने पेन ठेवलं. "माताजी, इसमें ऐसे आदमी का कॉलम ही नहीं है जो कुछ न करे और यहीं रहे."

मग हिने त्याला सांगितलं, काम तिच्या देशातलं आहे, पैसे तिच्या देशातून येतात, इथल्या कोणाची नोकरी ती घेत नाही. त्याने दोन्ही हात वर केले. "काम का नाम मत लीजिए. काम कहा तो नौकरी का वीज़ा चाहिए, और नौकरी यहाँ की आपके पास है नहीं. खर्चा अपने देश से आता है, इतना लिखते हैं. यह सच है न?"

"सच है."

"बस. माताजी के घर मेहमान हैं, खर्चा अपना है. घर पर पूछताछ होगी. ठीक आ गई तो साहब आगे भेज देंगे. साल भर का हो भी जाता है."

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, हे चालेल ना तुला, का यातही कोणाचं बोट जातं? ती म्हणाली, "विचारलेलं नाही ते सांगितलं नाही, तर ते खोटं नाही." आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा माझा हात धरून रस्ता ओलांडला. रस्त्यापलीकडे आम्ही कचोरी खाल्ली. कावीळ झालेल्या माणसाने तळलेलं खाऊ नये म्हणून मी तिला ती इतके दिवस खाऊ देत नव्हते.

चौकशीची मला काळजीच नव्हती. आमच्या गल्लीत चौकशीला आलेल्याला आजवर कोणी वाईट सांगितलेलं नाही. वहिनींना पढवून ठेवावं असं माझ्या किंवा हिच्या, दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

ह्यांचं श्राद्ध होतं त्या दिवशी मी आणि ती राम घाटावर गेलो होतो. तिने पिशवी धरली, पायऱ्यांवर मला हात दिला. गुरुजींनी विचारलं, "ये कौन?" मी म्हणाले, "घरची आहे." ऊन चढल्यावर परतलो, तर वहिनी ओट्यावरून उठून रस्त्यातच सामोऱ्या आल्या. चेहरा असा, जणू मुलगी पसंत पडल्याचा निरोप आलाय.

"ताई, येऊन गेला चौकशीवाला. साधे कपडे, पण पोलिसातला, मी ओळखला. पोहे दिले, वर शेव घातली. काय काय विचारलं त्याने. मी सांगितलं, ऐसी लड़की पूरे मोहल्ले में नहीं. एक मिनट खाली नहीं बैठती. सुबह चार बजे से मशीन पर."

ही पिशवी घेऊन तशीच उभी.

"तो म्हणाला, मशीन पर क्या करती है? मी म्हटलं, नौकरी है उसकी, अपने देश की. घर बैठे करती है, यहीं से भेजती है. अच्छा कमाती है, पर घमंड नाम को नहीं. आणि शेजारच्या दुकानदारालाही बोलावलं मी साक्षीला. तो म्हणाला, बराबर है, इतवार को भी काम करती है. चौकशीवाला सगळं लिहून घेत होता. पोहे संपेपर्यंत लिहीत होता."

मग त्यांना आमचे चेहरे दिसले. "का? काही कमी पडलं का सांगण्यात?"

ही म्हणाली, "नाही वहिनी. सगळं खरं सांगितलंत." आणि वर गेली.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना पटतच नव्हतं. "काम करते म्हणून घालवतील? आळशी असती तर ठेवली असती?" मी म्हणाले, हो, तसंच आहे. त्या म्हणाल्या, "असं कसं असेल, ताई." आणि घरात गेल्या. त्यानंतर बरेच दिवस त्यांचा ओटा रिकामा होता. मी त्यांना दोष दिला नाही. त्या दिवशी मी घरी असते आणि तो माणूस माझ्या दारात आला असता, तर कामाचं नाव घेतलं नसतं, एवढंच. बाकी पहाटे उठते, कामसू आहे, हे माझ्याही तोंडून गेलंच असतं. मुलीबद्दल दुसरं काय सांगतात, मला माहीत नाही.

कचेरीतून बोलावणं आलं. साहेब तरुण होता, दोघींना बसायला सांगितलं. तो कागद वाचून दाखवत होता आणि त्यालाच अवघड होत होतं. म्हणाला, "माताजी, बुरा तो किसी ने कुछ कहा ही नहीं. सब अच्छा ही अच्छा लिखा है. यही तो मुश्किल है."

मी विचारलं, "इसके काम से किसका नुकसान हुआ?"

"किसी का नहीं."

"फिर?"

"फिर भी घूमने के वीज़ा पर काम नहीं कर सकते. और यह काम कर रही हैं, यह अब मेरी फाइल में है."

ही म्हणाली, "मैंने किसी को झूठ नहीं बोला."

"जी, मालूम है." त्याने तिच्याकडे न बघता सही केली. जायला पंधरवडा दिला. आणखी कडक लिहिता आलं असतं, तेवढं मी लिहिलेलं नाही, असंही तो म्हणाला. ते खरं असेल.

म्हाताऱ्या बाबूने बाहेर दोरीचा चष्मा काढून पुसला. "माताजी, मैंने तो कहा था काम का नाम मत लेना." मी म्हणाले, आम्ही नाही घेतलं. तो म्हणाला, "तो मोहल्ले ने ले लिया." त्यालाही वाईट वाटलं होतं.

त्या पंधरवड्यात आम्ही एकदाही भांडलो नाही. ती नळ आल्यावर बादली धरून उभी राहायची आणि मला आधी भरू द्यायची. मी भाजीत मीठ बरोबर घालायचे. घर आजारी माणसाच्या घरासारखं झालं होतं. एकदा मीच मुद्दाम मीठ घातलं नाही. तिने भाजी गुपचूप खाल्ली.

जायच्या दिवशी वहिनी आल्या. डोळे सुजलेले. तिच्या हातावर दही घातलं, ओटी भरली. नारळ तिला बॅगेत नेता आला नसता तरी भरली. म्हणाल्या, "मला क्षमा कर गं." ही म्हणाली, "वहिनी, माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणीच कधी बोललं नव्हतं." हे ती सांत्वन म्हणून बोलली नव्हती. सांत्वन करायला तिला यायचंच नाही. जे होतं ते सांगत होती.

स्टेशनवर मी गेले. दिल्लीची गाडी संध्याकाळची. डब्याच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "काकू, मी जाते."

मी म्हणाले, "जाते म्हणू नये. येते म्हणावं. शिकवलंय ना तुला."

तिचे ओठ हलले. मला वाटलं, म्हणेल. गाडीने झटका दिला, तिने दांडा धरला आणि पुन्हा म्हणाली, "जाते, काकू."

खोटं लिहायची सवय नव्हती तिला. बोलायचीही नव्हती.

तिने तिकडून पुन्हा एकदा अर्ज केला. तिची फाईल तिच्या आधी पोचलेली होती. नाही म्हणून उत्तर आलं. ती दर रविवारी फोन करायची, माझ्या मुलाच्या आधी. नळ, मीठ, वहिनी, वीज, सगळं विचारायची. वरच्या खोलीत कोणी ठेवलं का, हेही. मी कोणी ठेवलं नाही.

पुढे सून गरोदर राहिली आणि मुलाने मला अमेरिकेला बोलावलं. मुंबईत व्हिसाच्या खिडकीशी उभी राहिले. काचेपलीकडे गोरा माणूस, शेजारी मराठी बोलणारी एक बाई.

"तिकडे जाऊन काय करणार, आजी?"

मी तयार होते. "काही नाही. नातवंड बघणार."

"काम वगैरे?"

"मला काही येत नाही. चौथी शिकलेय. मी रिकामी बाई आहे."

तिने हसून त्याला सांगितलं, तोही हसला. मागच्या माणसाला पुढे सरकायची वेळ यायच्या आत माझं झालं. बाहेर येऊन फुटपाथवर बसले. लोकांना वाटलं, आजीला ऊन लागलं. एकाने पाणी दिलं.

अमेरिकेत मी सहा महिने राहिले. पहाटे उठून बाळाला तेल लावून अंघोळ, सुनेचा शेक, डिंकाचे लाडू, तिन्हीत्रिकाळ स्वयंपाक, लंगोटांचा ढीग. मुलगा पाहुण्यांना सांगायचा, "आई एक मिनिट रिकामी बसत नाही." मी त्याला आत बोलावून सांगितलं, हे वाक्य या घरात पुन्हा बोलायचं नाही. त्याला कारण कळलं नाही.

तिथून एका रविवारी मुलाला तिचा नंबर लावायला सांगितला. ती मधल्या काळात फोन कमी करायला लागली होती. तिच्याशी मराठी बोलणारं तिकडे कोणी नव्हतं आणि तिचं बोलणं अडखळायला लागलं होतं. नंतर नंतर मोजकीच वाक्यं उरली, आणि माणूस तीच ती वाक्यं बोलायला फोन किती दिवस करणार.

"काकू," ती म्हणाली. "तुम्ही... अमेरिका? व्हिसा?"

"मिळाला."

"कसा?"

"सांगितलं, मी काही करत नाही."

तिने विचारलं, "आणि करता... काय?"

"सगळं."

मला वाटलं ती हसेल. हसली की काय झालं ते फोनवर कळलं नाही. मग ती काहीतरी लांबलचक बोलायला लागली. पहिले दोन-तीन शब्द मराठी होते, पुढचे हिंदी, त्यापुढचे तिच्या भाषेतले. मधेच थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबली. तिला शब्द सापडत नव्हता, आणि वाटेल तो शब्द घालून वाक्य पुरं करायची तिला सवय नव्हती.

मी तिला भांडायला लावायचं ठरवलं. म्हणाले, "एवढे दिवस फोन नाही, मेली की जिवंत ते कळायला मार्ग नाही, माणसं अशी वागतात का?"

पूर्वीची असती तर वरच्या खिडकीतून ताडकन उत्तर आलं असतं. आता ती हळूच म्हणाली, "काकू... पुन्हा सांगा. नाही कळलं."

मी पुन्हा सांगितलं नाही. आत बाळ रडत होतं, सून हाका मारत होती. मी फोन तसाच कानाला धरून उभी राहिले, आणि तिकडे तीही.